दोन फोन आणि एक एनसी

नावं, चाळ, पोलीस स्टेशन सगळं गाळलंय आणि दोन-चार बारीक गोष्टी मुद्दाम फिरवल्यात, म्हणजे कोणी ओळखू नये. मी यात स्वतः होतो, पुढे माझ्यावरही गुन्हा दाखल झाला, तेव्हा तटस्थपणे लिहितोय असा काही दावा नाही. वकील नाही मी, इन्शुरन्सच्या क्लेम डिपार्टमेंटला आहे, आणि चाळीत कागदाचं काही निघालं की लोक माझं दार वाजवतात एवढंच.

पार्श्वभूमी

गिरणगावातली चार मजली सेसची (म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी) चाळ, ऐंशीच्या आसपास खोल्या, रिडेव्हलपमेंटचा विषय दहा-बारा वर्षं जुना. अशा चाळींच्या पुनर्विकासाचा नियम ३३(७), त्यात आता ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते, आधी ७० लागायची, म्हणजे निम्म्यावर एक-दोन डोकी जास्त जमली की बिल्डर आत, आणि ती शेवटची चार-पाच डोकी कोणाची यावरून भांडणं होतात. आमच्याकडे एका बिल्डरच्या मागे आमचे माजी नगरसेवक उभे होते. पालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली होती आणि निवडणूक काही होत नव्हती, त्यामुळे त्या काळात मुंबईतले सगळेच नगरसेवक माजी होते, पण माजी झाले म्हणून कोणाचं वजन उतरलं असं नाही. ऑफिस तेच, बाहेरचं बाकडं तेच, दाखल्यासाठीची रांग तीच. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, इथेही भाऊच लिहितो.

काका म्हणजे आमच्या कमिटीचे खजिनदार, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, हिशेबाला एकदम चोख. त्यांनी संमतीपत्रांचा गठ्ठा बघायला मागितला आणि मीटिंगमध्ये उभं राहून विचारलं की बाबांनो, या दोन माणसांच्या तेराव्याला मी स्वतः जेवलोय, यांनी गेल्या महिन्यात सह्या कशा केल्या? सगळे हसले. सह्या गोळा करणारी पोरं मात्र हसली नाहीत.

त्या रात्री

२०२४ ची विधानसभा जवळ आलेली, आचारसंहिता लागलेली, कोजागिरी होऊन काही दिवस झालेले. साडेदहाच्या सुमारास काका बीपीची गोळी आणायला खाली उतरले, मेडिकलच्या पुढे तीन पोरांनी अडवलं, एकाच्या हातात सळई होती. डोक्यावर येणारा वार काकांनी डाव्या हातावर घेतला. तिघातले दोघं ओळखीचे, भाऊंच्या ऑफिसबाहेर बसणारे, तिसरा कधी न बघितलेला.

पोलीस स्टेशनला आम्ही अकराला पोचलो. निवडणूक म्हणजे आत चॅप्टर केसवाल्यांची (म्हणजे प्रतिबंधक कारवाईसाठी बोलावलेल्यांची) रांग, बाहेर बंदोबस्ताच्या गाड्या, ड्युटी ऑफिसर सकाळपासून खुर्चीत. तो उद्धट नव्हता हे सांगायला पाहिजे. म्हणाला काका रात्र झालीय, आता एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो, मेडिकल तपासणीला चिठ्ठी देतो, कागद आले की सकाळी बघू. एक वाजत आला होता, काकांचा हात सुजून टरटरलेला, काकू बाहेर रिक्षा धरून उभ्या, आणि काकांनी सही केली. मीच पेन दिलं. घरी येऊन वाचलं तर लिहिलेलं, किरकोळ वादातून शिवीगाळ करून हाताने मारहाण. सळई हा शब्दच नाही.

हा शब्द एवढा महत्त्वाचा का ते मला तेव्हा माहीत नव्हतं. साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ११५(२), ते अदखलपात्र, त्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, एनसीचा कागद घ्या आणि जा कोर्टात. धोकादायक हत्याराने दुखापत म्हणजे ११८(१), ते दखलपात्र. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापत, आणि हत्यार अधिक मोडलेलं हाड म्हणजे ११८(२), अजामीनपात्र, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही. म्हणजे एक शब्द आणि एक एक्स-रे, एवढ्यावर तीन वेगवेगळे रस्ते फुटतात. राजकारण्याला मोठं काही करावंच लागत नाही, तो एक शब्द गळला तरी काम झालं. त्या रात्री तो फोनमुळे गळला की थकव्यामुळे, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं थकव्यामुळेच. फोन दुसऱ्या दिवशी आला.

अडचण

सकाळी पालिकेच्या हॉस्पिटलात एक्स-रे निघाला, मनगटाच्या वर हाड मोडलेलं. कागद घेऊन परत गेलो. सीनियर, म्हणजे पोलीस स्टेशनचे मुख्य इन्स्पेक्टर, बंदोबस्ताच्या मीटिंगला गेलेले, एक पीएसआय मॅडम होत्या, त्यांनी एक्स-रे उजेडात धरून बघितला, म्हणाल्या हे एनसीत कसं बसवलं, बसा, जबाब घेते. कॉम्प्युटरवर टायपिंग सुरू झालं. सळई हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर आला. मग त्यांचा मोबाइल वाजला, त्या बाहेर गेल्या, सात-आठ मिनिटांनी आल्या आणि खुर्चीत न बसताच म्हणाल्या, सीनियर साहेब आल्यावर करू.

मी बघितलं ते एवढंच. फोन कोणाचा, काय बोलणं झालं, हे नंतर एका हवालदारांकडून चहाच्या टपरीवर कळलं, की भाऊंच्या माणसाने सीनियरना फोन केला आणि सीनियरनी मॅडमना. बोलणं काय तर म्हणे, साहेब आपलीच पोरं आहेत, निवडणुकीच्या तोंडावर नको, जरा मिटवून घ्या. गुन्हा घेऊ नका असं कोणी म्हणालंच नाही. ही ऐकीव गोष्ट आहे, कोर्टात याची किंमत शून्य. पण ज्याला आपण राजकीय हस्तक्षेप म्हणतो तो बहुतेक वेळा असाच असतो, त्यात आदेश नसतो, विनंती असते, आणि तिचा कागद कुठेच नसतो.

संध्याकाळी सीनियर भेटले. ते म्हणाले, नवीन कायद्यात प्राथमिक चौकशीची तरतूद आहे, चौदा दिवस लागतात, दोन्ही बाजू ऐकू. ऐकायला बरोबर वाटलं. नंतर कळलं की ही तरतूद, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं १७३(३), तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे आणि त्यालाही एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. आमचा गुन्हा त्यात बसतच नव्हता. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. पण त्या टेबलासमोर उभं असताना हे तुमच्या खिशात असायला लागतं, आमच्या नव्हतं.

पर्याय काय होते

त्या रात्री काकांच्या खोलीत अकरा जण बसलो. एक निरोप आधीच आला होता की भाऊंच्या ऑफिसात या, हॉस्पिटलचा खर्च देतो, पोरं पाया पडतील. काकू या बाजूने होत्या, आणि त्यांना कोणी नावं ठेवू नयेत, त्यांना त्याच जिन्यावरून रोज उतरायचं होतं. काका म्हणाले खर्च मला बेस्टचा पेन्शनर म्हणून परवडतो, सह्या कोणी केल्या ते सांगा.

दुसरा रस्ता कागदाचा. सीनियरने नाही म्हटलं तर १७३(४) खाली डीसीपींना लेखी, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. डीसीपींची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. कोणीतरी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं नाव काढलं, ते पोलिसांच्या वागणुकीची चौकशी करतं, पण त्याने काकांचा एफआयआर दुसऱ्या दिवशी दाखल होणार नव्हता. एकाने म्हटलं आचारसंहितेत पोलीस निवडणूक आयोगाच्या हाताखाली असतात, तिकडे तक्रार करू. ते आम्ही सोडलं, कारण मग मारहाणीची केस निवडणुकीची केस झाली असती. (हे शहाणपण आम्ही पुढच्या दहा मिनिटांत विसरलो.)

तिसरा पर्याय सेक्रेटरींनी मांडला. भाऊंच्या विरुद्ध पार्टीतल्या दादांचा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी फोन केला ना, मग आपण पण करू, लोहा लोहे को काटता है. हात वर करा म्हटलं तर अकरातले आठ वर गेले. माझाही गेला. दोन तास आम्ही पोलिसांवर दबाव येतो म्हणून तावातावाने बोलत होतो आणि उपाय काय काढला, तर आपला दबाव.

दुसरा फोन

दादा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः आले, तीसेक कार्यकर्ते, दोन कॅमेरे, पोलीस स्टेशनच्या गेटवर घोषणा. काकांचा प्लास्टरमधला हात उचलून फोटो काढला, काका कळवळले. आठ वाजता एफआयआर दाखल झाला आणि आम्ही जिंकल्यासारखे घरी आलो, पेढे वाटायचेच बाकी होते.

रात्री मी एफआयआरची कॉपी वाचली. कलम ११७(२), म्हणजे गंभीर दुखापत, पण हत्याराशिवाय. हे जामीनपात्र. मजकुरात सळईच्या जागी कठीण वस्तू. पोरं दुसऱ्या दिवशी वकिलाबरोबर आली, टेबल जामीन (म्हणजे पोलीस स्टेशनातच मिळणारा) घेऊन तासाभरात गल्लीत हजर. आणि रात्री साडेदहाला दुसरा एफआयआर दाखल झालेला, क्रॉस. काकांनी छत्रीच्या टोकाने मारलं म्हणून ११८(१). म्हणजे सळई कठीण वस्तू झाली आणि छत्री हत्यार. शिवाय जमावबंदी मोडली म्हणून काका, मी, सेक्रेटरी आणि अजून एकावर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७(१)(३) सह १३५. मुंबईत हा जमावबंदीचा आदेश आलटून पालटून निघतच असतो, एरवी तो कोणाला आठवत नाही. दादांचं नाव त्यात नव्हतं हे सांगायला नकोच.

इथे प्रकरणाचा रंगच बदलला. कालपर्यंत एका म्हाताऱ्या माणसाला मारलेलं होतं, आता दोन गट आणि दोन पार्ट्या होत्या. सीनियरच्या बाजूने विचार केला तर त्यांची यात सोयच झाली, एका फोनला त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, दोन फोन आले की दोघांना थोडं थोडं द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मॅडमनी टाइप करायला घेतलेला जबाब बरोबर होता, तो फक्त लेखी अर्जाने पुढे रेटायला हवा होता, आम्ही त्यावर मोर्चा आणून बसवला.

मग केलं काय

दोन दिवस सगळे एकमेकांवर चिडून होते. मग मी क्लेमची फाइल लावतो तशी लावली. तारीख, वेळ, कोण भेटलं, काय बोललं, कोणता कागद. दोन पानी अर्ज, तोच सीनियर, एसीपी, डीसीपी तिघांना, हातोहात देऊन पोच आणि वर रजिस्टर पोस्ट आणि ईमेल. त्यात भाऊंचं नाव नाही, फोनचं नाव नाही. यावर चाळीत भांडण झालं, पण जे सिद्ध करता येत नाही ते लिहिलं की समोरचा तेवढंच पकडतो, क्लेममध्ये रोज बघतो मी. लिहिलं एवढंच की एक्स-रे हा, हत्यार सळई, एनसीत आणि एफआयआरमध्ये ते आलेलं नाही, पुरवणी जबाब घ्या, ११८(२) लावा, मेडिकलवाल्याचं फुटेज जप्त करा, आणि पोलीस स्टेशनमधलं त्या रात्रीचं फुटेज जपून ठेवा. हे शेवटचं परमवीर सिंग सैनी निकालावरून, डिसेंबर २०२० चा, पोलीस स्टेशनातले कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचं.

मेडिकलवाला हा वेगळाच धडा. त्याच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग पुसलं जातं. पहिल्या दिवशी तो म्हणाला या बघून जा. दादांच्या घोषणांनंतर म्हणाला मशीन बिघडलंय. त्याच्या दुकानाची पायरी फूटपाथवर दोन फूट आलेली, वर्षानुवर्षं कोणी काही म्हणालं नव्हतं, आणि कोणी का म्हणालं नव्हतं ते त्याला बरोबर माहीत होतं. त्याला भ्याड म्हणणं सोपं आहे. मी आणि काकू रात्री दुकान बंद होताना गेलो, तो म्हणाला मी तुम्हाला देणार नाही, पोलीस पत्र घेऊन आले तर मला द्यावंच लागेल, मग माझ्यावर कोणी बोलणार नाही. हे आम्हाला आधी कसं सुचलं नाही? त्याला हिंमत नको होती, निमित्त हवं होतं.

डीसीपींकडे अकराव्या दिवशी गेलो, नागरिकांच्या भेटीच्या वेळेत, फक्त काका, काकू आणि मी. सात-आठ मिनिटं मिळाली. त्यांनी फाइलमधला टाइमलाइनचा एकच कागद वाचला, एक्स-रे बघितला, विचारलं फुटेज किती दिवस राहतं. मी म्हटलं साहेब, चार दिवस उरलेत. त्यांनी तिथूनच एसीपींना फोन लावला. (हाही फोनच, माहितीये मला. पण आमचा अर्ज त्यांच्या आवक रजिस्टरला चढलेला होता.) दोन दिवसांनी डीव्हीआर पंचनाम्याने जप्त झाला, पुरवणी जबाब झाला, तो लिहून घेतला त्याच मॅडमनी, आणि काकांनी या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतल्याशिवाय सही केली नाही. ११८(२) वाढलं.

निकाल

निकाल म्हणावा तर अर्धामुर्धा. फुटेजमध्ये सळई दिसते, दोन चेहरे दिसतात, तिसऱ्याची पाठ दिसते. दोघांनी काळा घोड्याजवळच्या सेशन्स कोर्टातून अटकपूर्व जामीन घेतला, पोलीस स्टेशनला हजेरीच्या अटीवर. तिसरा अजून अनोळखीच आहे. पोरांना कोणी पाठवलं हा प्रश्न तपासात विचारला गेल्याचं कुठे दिसलं नाही. नव्वद दिवसांत तक्रारदाराला तपासाची प्रगती कळवायची असते, १९३(३) मध्ये लिहिलंय, एक्क्याण्णवाव्या दिवशी मी ते कलम घालून ईमेल केला आणि आठवड्यात उत्तर आलं. पुढे चार्जशीट झालं, खटला सुरू व्हायचाय.

छत्रीच्या केसमध्ये पोलिसांनी सी समरी मागितली, म्हणजे खरंही नाही आणि खोटंही नाही, गैरसमजातून. आम्हाला बी हवी होती, बी म्हणजे जाणूनबुजून खोटी. जमावबंदीची केस मात्र जिवंत आहे, मी दोनदा सुट्टी टाकून तारखेला जाऊन आलोय. पोलीस स्टेशनच्या फुटेजबद्दल उत्तर आलं की ड्युटी ऑफिसरच्या टेबलावरचा कॅमेरा त्या काळात बंद होता. एनसी चुकीची घेतल्याच्या चौकशीचं काय झालं म्हणून माहिती अधिकारात विचारलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार. शिस्तभंगाची माहिती वैयक्तिक धरायची हा सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल आहे, म्हणजे नकार देणाऱ्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

आणि मॅडमची बदली झाली. त्या पोलीस स्टेशनला त्यांना वर्षही झालं नव्हतं. प्रकाश सिंग हे पोलीस महासंचालक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले, २००६ ला निकाल लागला, त्यात ठाण्यावरच्या अधिकाऱ्याला निदान दोन वर्षं द्या असंही होतं. आपल्याकडे २०१४ ला महाराष्ट्र पोलीस कायद्यात पीएसआय, पीआयला एका ठाण्यात दोन वर्षं असं घातलं, आणि लगेच खाली जनहितार्थ, प्रशासकीय कारणास्तव मुदतीआधीही बदली करता येईल अशी खिडकी ठेवली. मॅडमची बदली आमच्यामुळे झाली असं मी म्हणू शकत नाही, निवडणुकीच्या आगेमागे बदल्या होतातच, त्याच नोव्हेंबरात आयोगाने राज्याच्या पोलीस महासंचालकांनाच बाजूला केलं आणि निकाल लागल्यावर त्या महासंचालक परत आल्या. ऑर्डरमध्ये कारण लिहिलेलं नसतं. पण त्या पोलीस स्टेशनातल्या बाकीच्या पीएसआयनी त्यातून काय अर्थ घेतला असेल तो त्यांनी घेतलाच असेल.

परत करायचं झालं तर

पहिल्या रात्री घरूनच साध्या कागदावर तक्रार लिहून न्यायची, वार, वेळ, हत्यार, आणि पोच घ्यायची, मग ते एनसी घेवोत की काही. एनसीवर सही करायला हरकत नाही पण त्यात हत्यार आलंय का बघून, नसेल तर सहीच्या वर तसं हाताने लिहून. डीव्हीआर किती दिवसांचा आहे हे पहिल्याच सकाळी विचारायचं, आम्ही पाचव्या दिवशी विचारलं. आणि सीनियर चौदा दिवस म्हणाले तेव्हा भांडायचं नाही, एवढंच म्हणायचं की साहेब हे लिहून द्या, कोणत्या कलमाखाली आणि एसीपींची परवानगी कधीची. बहुतेक वेळा ते लिहून देत नाहीत, आणि बोलणं तिथेच बदलतं. दादांना न बोलावता एफआयआर झाला असता का? झाला असता असं मला वाटतं, पण दहा-बारा दिवस लागले असते, आणि मोडलेला हात घेऊन दहा-बारा दिवस थांबा असं मी काकांना कुठल्या तोंडाने सांगणार होतो ते मला माहीत नाही. सेक्रेटरी अजूनही म्हणतात फोन केला म्हणून निदान काहीतरी दाखल झालं.

गेल्या महिन्यात रात्री बाराला शेजारच्या चाळीतल्या वहिनींचा फोन आला, त्यांच्या मुलाला नाक्यावर कोणीतरी बेल्टने मारलं होतं. भाऊजी, तुमची डीसीपी ऑफिसात ओळख आहे ना, तेवढा एक फोन करा ना. मी विचारलं वहिनी, मेडिकल झालं का, आणि समोर बसलेल्या साहेबांनी कागदावर बेल्ट लिहिलंय का बघा. त्या म्हणाल्या थांबा, सही करतोय तो, आणि मग मागे त्यांचा आवाज ऐकू आला, अरे थांब, थांब, आधी वाच.